म्हातारबाबांची लय

चष्म्याचा नंबर काढताना मामा गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारत. त्याच्या नाकावर ती जड गोल फ्रेम बसवायची, एक काच सरकवायची, मग ती काढून दुसरी सरकवायची आणि विचारायचं, हे बरं की मघाचं बरं? गिऱ्हाईक म्हणे, दोन्ही सारखंच दिसतंय. मामा म्हणत, सारखं कधीच नसतं, परत बघा. शेवटी माणूस कंटाळून कुठली तरी एक बाजू घेई आणि त्याला त्या बाजूचा चष्मा मिळे. तक्रार घेऊन फारसं कुणी परत येत नसे. मामांच्या मते हा पद्धतीचा विजय होता.

रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून दुकानाच्या मागच्या खोलीत हीच पद्धत पियानोवादकांना लावली जाई. खोलीत भिंगांचे खोके, काड्या तुटलेल्या फ्रेमा, तीन खुर्च्या आणि कपाटावर रेकॉर्ड प्लेअर. मामा एका रेकॉर्डवर सुई ठेवत, आठ-दहा मात्रा वाजू देत, ती काढून दुसरी रेकॉर्ड लावत, बरोबर त्याच जागी सुई टेकवत आणि डोळे मिटून बसलेल्या श्रोत्यांना विचारत, हे बरं की मघाचं?

श्रोते दोन होते. एक दाताचे डॉक्टर आणि दुसऱ्या भूगोलाच्या निवृत्त बाई. मामा धरून तिघांचं हे श्रवण मंडळ. अध्यक्ष मामा, उपाध्यक्ष डॉक्टर, आणि उरलेल्या बाई हा विरोधी पक्ष.

रचना मात्र एकच. इतक्या वर्षांत मंडळाने दुसरी रचना ऐकायला घेतली नव्हती, कारण पहिलीचा निकाल लागायचा होता. पियानोवर एकट्याने वाजवायचा हा लांबलचक तुकडा रोमँटिक काळातल्या एका गृहस्थाने रचला होता. म्हणजे केस वाढवलेले, प्रकृती तोळामासा, प्रेम दुसऱ्याच्या बायकोवर आणि मरण चाळिशीच्या आत. सुरुवातीला कुणीतरी खोलीत येऊन आपण काय घ्यायला आलो तेच विसरल्यासारखं वाटतं. मग एक साधी चाल येते, जाते, परत येते. मधे एक शांत भाग आहे, त्याला मंडळ 'अंगण' म्हणत असे. आणि शेवटी सगळं घर अंगावर कोसळतं.

वादकाचं नाव खोलीत उच्चारायचं नाही, असा मंडळाचा नियम होता. नावाने माणूस दबतो, दबलेल्या माणसाला ऐकू येत नाही, असं मामांचं म्हणणं. पण कुणाबद्दल बोलतोय ते कळायला तर हवं, म्हणून टोपणनावं पडली. एक टायपिस्ट होता, त्याचा एकही सूर चुकत नसे आणि एकही लक्षात राहत नसे. एक रडकी होती. एक सावकाश जेवणारा होता. आणि सगळ्यांच्या वर, वादातीत, म्हातारबाबा.

म्हातारबाबांची रेकॉर्ड लागली की डॉक्टर चहाचा कप खाली ठेवत. ते म्हणत, बाकीचे भूल न देता दात उपटतात, हा माणूस आधी पाच मिनिटं नुसता हात धरून बसतो. बाईंनासुद्धा इथे विरोध सुचत नसे. त्या म्हणत, इतरांच्या अंगणात आपण पाहुणे, इथे पठारावर एकटं उभं असल्यासारखं वाटतं.  मामांचा सिद्धांत तयार होता. पूर्वीच्या माणसांना वेळ होता. ती हळू वाजवत, म्हणून खोल जात. हल्लीच्यांना कुठेतरी पोचायचं असतं.

हल्लीच्यांचा नमुना म्हणून मंडळाने एक तरुण वादक ठेवली होती. तिची रेकॉर्ड नव्हती, ती डॉक्टरांच्या फोनवरून छोट्या स्पीकरवर ऐकली जाई. तिचं नाव पडलं घाईवाली. तिचा आवाजही चढा लागे. बाई म्हणत, वर्गात ओरडून बोलणारी मुलगी असते ना, तशी. दर दोन-तीन महिन्यांनी घाईवालीला एकदा ऐकून नापास करण्यात येई. त्यानंतर म्हातारबाबा लावले की ते आणखीच खोल वाटत.

मामांची भाची या खोलीत ऐकतच वाढली. भाची आणि तिची आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, दुकानाच्या वरच राहत. बहीण पोस्टाच्या खिडकीवर काम करी आणि मंडळाला 'तुमचं ते डोळे मिटून बसणं' म्हणे. भाची लहानपणापासून गावातल्या एका सरांकडे पियानो शिकत होती आणि गेली दोन वर्षं तोच तुकडा बसवत होती. कारण सरळ होतं. संगीतशाळेच्या प्रवेश-परीक्षेत रोमँटिक काळातली एक मोठी रचना वाजवावी लागते आणि तिला ही एकच झोपेतून उठवली तरी आठवणारी होती.

परीक्षा या वर्षी दिली नाही, तर पुढच्या वर्षी वय उलटत होतं. आईने स्वच्छ सांगितलं होतं, एकदा. जमलं तर जा, नाही जमलं तर चष्म्याचा अभ्यासक्रम घे, मामाचं दुकान आहे, तोंड वेंगाडून कुणाकडे जायला नको. म्हणजे भाची पास झाली तर मामांना अभिमान मिळणार होता आणि नापास झाली तर वारस. मामांचं नुकसान कशातच नव्हतं, म्हणूनच त्यांना चैन पडत नव्हती.

भाची तो तुकडा म्हातारबाबांसारखा वाजवे. म्हातारबाबा अंगणात जितके रेंगाळत, तितकी ती रेंगाळे. सरांना ते अजिबात पसंत नव्हतं. ते म्हणत, ही रचना आहे, श्रद्धांजली नाही. परीक्षक मधेच झोपतील. मग भाची घरी येऊन हे सांगे आणि मामा म्हणत, तुझ्या सरांना म्हणावं, एकदा येऊन ऐका. सर म्हणत, मामांना म्हणावं, मी काय ऐकायचं ते मला ठाऊक आहे. हे दोघं गृहस्थ एकमेकांशी कधी बोलले नव्हते, पण भांडण व्यवस्थित चालू होतं. पोरगी दोन्हीकडचा निरोप न गाळता पोचवी.

परीक्षेला महिना-दीड महिना राहिला असताना बाईंनी एक काम केलं. त्यांच्या जुन्या शाळेतला उभा पियानो शाळेला नकोसा झाला होता. प्रार्थना आता स्पीकरवर लागत. बाईंनी आपलं वजन वापरून तो मामांच्या मागच्या खोलीत आणवला, म्हणजे पोरीला सराव करायला सरांच्या घरी वेळ मागत बसायला नको. पियानो आत आला तेव्हा भिंगांचे खोके बाहेर गेले आणि दुकानात गिऱ्हाईक उभं राहायला जागा उरली नाही. सरांनी येऊन पियानो सुरात लावून दिला. मामा आणि सर त्या दिवशी पहिल्यांदा समोरासमोर आले आणि दोघंही फक्त हवेबद्दल बोलले.

रविवारी मंडळ जमलं. डॉक्टरांना कल्पना सुचली की म्हातारबाबा लावावेत आणि भाचीने सोबत वाजवावं, आजोबा-नात एकत्र. मामांनी सुई टेकवली, भाचीने पहिला सूर दिला आणि खोलीतल्या सगळ्यांचे डोळे उघडले. दोन मांजरं एकाच पिशवीत घातल्यासारखं वाटत होतं. पियानो वर होता आणि म्हातारबाबा खाली, जवळजवळ अर्ध्या सुराने.

मामा ताबडतोब म्हणाले, पियानो चढा लागलाय. सरांचा निष्काळजीपणा.

सरांना बोलावण्यात आलं. ते सूर लावायचा चिमटा घेऊन आले, तो गुडघ्यावर आपटून कानाशी धरला, एक पट्टी दाबली आणि म्हणाले, पियानो बरोबर आहे. मग रेकॉर्ड ऐकून म्हणाले, तुमचे बाबा उतरलेत.

यावर मंडळाने शास्त्रीय चर्चा केली. बाईंचं मत पडलं की पूर्वी पियानो खालच्या सुरातच लावत असतील, आणि शिवाय रेकॉर्ड उंचावरच्या कुठल्या गावात झाली असेल तर हवेचा दाब लक्षात घ्यावा लागेल. मामांनी ते उचलून धरलं. पूर्वीच्या लोकांना सूर वर चढवायची हौसच नव्हती, म्हणाले. मग टायपिस्ट लावून बघितला. तोही तेवढाच उतरलेला. रडकीही. सावकाश जेवणाराही. सगळी पिढीच एकदम अर्धा सूर खाली राहत होती, असा निष्कर्ष निघायच्या बेतात होता, तेवढ्यात डॉक्टर उठले.

डॉक्टरांच्या दवाखान्यात मिनिटाला हजारो फेरे घेणारं यंत्र असल्यामुळे फिरणाऱ्या वस्तूंकडे ते संशयानेच बघत. त्यांनी प्लेअरच्या चकतीच्या कडेला कापसाचा एक बोळा चिकटवला, घड्याळ काढलं आणि मोजायला लागले. मिनिटाला तेहतीस आणि वर थोडे फेरे व्हायला हवेत, हे रेकॉर्डवरच छापलेलं असतं. बोळा एकतीसवरच रेंगाळला. परत मोजलं. तेवढाच.

मामांनी चकती उचलली. खाली मोटारीपासून चकतीपर्यंत एक रबरी पट्टा असतो, तो जुन्या पायमोज्याच्या इलास्टिकसारखा लोळत पडला होता.

 मग डॉक्टर हळूच म्हणाले, "म्हणजे आपण इतकी वर्षं रबराला हात जोडत होतो."

नवीन पट्टा आला त्या दिवशी मामांनी तो स्वतः बसवला, चष्म्याचे स्क्रू पिळायच्या पेचकसाने. मग म्हातारबाबा लावले. म्हातारबाबा खोलीत आले ते चक्क टवटवीत. अंगणात शिरले आणि बसायच्या आत उठले. शेवटचं घर कोसळताना तर त्यांना मजा येत होती, हे लपत नव्हतं. दोन-तीन सूर त्यांनी घाईत गाळलेसुद्धा. आजवर ते गाळलेले सूर म्हणजे मौन आहे अशी मंडळाची समजूत होती.

"आता घाईवाली लावा," बाई म्हणाल्या. विरोधी पक्षाला अशा वेळी बरोबर सुचतं.

डॉक्टरांनी फोन काढला. घाईवालीने अंगणात पाऊल टाकलं आणि तिथे निवांत बसली. म्हातारबाबांपेक्षा किती तरी जास्त वेळ. फोनच्या आत काही बदललं नव्हतं. ती इतकी वर्षं तशीच वाजवत होती आणि दर दोन-तीन महिन्यांनी नापास होत होती. आता तिचा आवाजही चढा नव्हता, सगळ्यांच्याएवढाच होता.

मामांनी सवयीने विचारलं, हे बरं की मघाचं?  मग बाईंनी ठराव मांडला की जुना पट्टा परत बसवावा, कारण मंडळाला जे आवडत होतं ते त्यात होतं. डॉक्टर म्हणाले, बाई, उद्या तुम्ही म्हणाल मला जुना नंबर आवडायचा, धुक्यात बरं दिसायचं. ठराव एकाविरुद्ध एक मतात अडकला. अध्यक्षांनी मत दिलं नाही. बाईंनी जुना पट्टा निषेध म्हणून पर्समध्ये टाकला आणि घरी नेला.

मामांचं दुःख म्हातारबाबांचं नव्हतं. माणूस बदलला तर दुसरा शोधता येतो. ते जिना चढत होते ते भाचीसाठी. दोन वर्षं पोर त्यांच्या शब्दावर विसंबून हळू वाजवत राहिली होती, सरांचं न ऐकता, आणि तो शब्द सैल पट्ट्याचा निघाला होता. परीक्षा तोंडावर. तिसरी संधी नाही, दुसरीसुद्धा नाही.

भाची खिडकीशी बसून परीक्षेच्या कपड्यांची बटणं घट्ट करत होती. आई ऑफिसातून नुकतीच आली होती आणि पाय वर घेऊन बसली होती. मामा दारातच उभे राहून म्हणाले, "तुला एक सांगायचंय."

"डॉक्टरकाकांनी सांगितलं," भाची म्हणाली. "जाता जाता जिन्यातून."

"मग आता सरांचं ऐक. वेग वाढव. अजून वेळ आहे. माझं चुकलं म्हण, पट्ट्याचं म्हण, पण वाढव."

तिने दोरा दातांनी तोडला. "मामा, म्हातारबाबा असे वाजवत नव्हते."

"नाही."

"टायपिस्ट, रडकी, कुणीच नाही."

"कुणीच नाही."

"मग मी नक्कल कुणाची करत होते?"

"रबराची," मामा म्हणाले. बोलताना त्यांनाच ते ऐकवेना.

भाचीने कपडे बाजूला ठेवले. ती फार बोलणारी मुलगी नव्हती. तिचा पियानोवरचा आवाज मोठा आणि तोंडचा लहान, असं आई म्हणायची. पण त्या दिवशी ती सलग बोलली. म्हणाली, रेकॉर्ड हळू फिरली की आवाज नुसता लांबतो, त्यात कुणाला काही करावं लागत नाही. हाताने हळू वाजवायचं तर तसं होत नाही.

"पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून मरायला लागतो, मामा. गाणारा श्वास धरतो, आपल्याला तेही नाही. पुढचा सूर येईपर्यंत हा जिवंत ठेवायचा कसा, दुसरा किती हळूच दाबला की तो पहिल्यातूनच निघाल्यासारखा वाटतो, यात माझी दोन वर्षं गेली. हे मला पट्ट्याने शिकवलेलं नाही. त्याला काय माहीत?"

मामा खुर्चीवर टेकले. आई म्हणाली, "दादा, तू तिला चुकीचा पत्ता दिलास आणि ही चालत चालत पोचली कुठेतरी. आता कुठे पोचली ते बघायचं, की पत्ता कुणी दिला त्यावर रडायचं?" आणि मग, पोस्टातली असल्यामुळे की काय, पुढे म्हणाली, "आमच्याकडे तशी पाकिटं रोज येतात."

तरी मामांच्या आग्रहाखातर भाचीने एक आठवडा सरांच्या वेगाने वाजवून बघितलं. सर खूश झाले. डॉक्टरांनी मान डोलावली. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, छान आहे, रस्ता डांबरी झाला. भाचीला राग आला नाही. तिलाही तसंच वाटत होतं. पण त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. दुपारी दुकान बंद असताना ती एकटी खाली बसून म्हातारबाबा ऐकायला लागली, खऱ्या वेगाचे. तिला ते पहिल्यांदाच भेटत होते. शेवट कोसळताना त्यांना होणारी मजा तिला आवडली. आजवर ती तिथे दुखवट्याला गेल्यासारखी वाजवत होती. मग तिने घाईवाली ऐकली. घाईवाली अंगणातून बाहेर पडताना मागे वळून बघत नसे, सरळ निघून जाई. तेही तिने मनात ठेवलं. मंडळाने इतकी वर्षं हे बरं की ते बरं केलं होतं. तिला दोन्हीतलं थोडं थोडं हवं होतं आणि त्याबद्दल तिला कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं. सुरुवात सरळ, शेवट म्हातारबाबांच्या हौसेने, आणि अंगण हळू. आधी होतं तितकं हळू, कदाचित थोडं जास्तच. सरांनी दोनदा ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अंगण तेवढं तुझ्या जबाबदारीवर. मी तुला ते शिकवलं असं कुणाला सांगू नकोस." थोड्या वेळाने म्हणाले, "पास झालीस तर सांग."

परीक्षेच्या दिवशी संगीतशाळेच्या बोळकंडीत एक बाक होता आणि त्यावर मामा, आई आणि सर या क्रमाने बसले होते. आईला मुद्दाम मधे बसवलं होतं. समोर बंद दार. आत तीन परीक्षक आणि एक घंटी. पुरेसं ऐकून झालं की घंटी वाजे आणि मूल बाहेर येई. कुणी रडत, कुणी हसत, बहुतेक नुसतं पाणी मागत.

भाचीच्या आधी दोघांनी नेमकी तीच रचना निवडली होती. मामांचे डोळे आपोआप मिटले. पहिला मुलगा टायपिस्टच्या घराण्यातला होता, अंगण येण्याआधीच त्याची घंटी वाजली. दुसरी मुलगी बरी होती, तिला अंगणाच्या दारापर्यंत सोडलं. सर पुटपुटले, अंगणात कुणालाच घेत नाहीत, त्यांना वेळ नसतो. 

भाची आत गेली. सुरुवात झाली. कुणीतरी खोलीत आलं आणि काय घ्यायला आलो ते विसरलं. चाल आली, गेली, परत आली. अंगणाच्या दाराशी घंटी वाजायला हवी होती. ती वाजली नाही. भाची अंगणात शिरली आणि एवढी हळू झाली की बोळकंडीतून जाणारा शिपाई थांबून दाराकडे बघायला लागला, बहुधा बंद पडलं असं समजून. एक सूर वाजला आणि तो संपला असं वाटायच्या आत, अगदी कडेला, दुसरा त्याच्यातून उगवला. मग तिसरा. मामांनी इतक्या वर्षांत ही जागा हजारदा ऐकली होती आणि त्यांना आता कळत नव्हतं की पुढे काय येणार. कुणाशी ताडून बघावं, हेही सुचत नव्हतं. त्यांनी डोळे उघडले. सर बाकाची कड धरून बसले होते. आई दाराकडे बघत नव्हती, आपल्या हातांकडे बघत होती.

घंटी वाजलीच नाही. घर कोसळलं, तेही हौसेने, आणि शांतता झाली. मग दार उघडायला हवं होतं, ते उघडेना. आत बोलणं चाललं होतं. परत पियानो. तेच अंगण, पण भरभर. मग परत तेच, आणि या वेळी इतकं हळू की मधेच ते तुटलं. बोळकंडीत तिघांनाही तुटलेलं ऐकू आलं.

भाची बाहेर आली आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं ते एवढंच. मधे बसलेल्या पांढऱ्या केसांच्या परीक्षक बाईंनी विचारलं, मधला भाग इतका हळू कुणाचा ऐकलास? ही म्हणाली, आमच्या बिघडलेल्या रेकॉर्ड प्लेअरचा. बाजूचे सर्दी झालेले परीक्षक हसले, बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, नेहमीच्या वेगाने दाखव. दाखवलं. मग म्हणाल्या, आता मघाशी वाजवलंस त्याहून हळू.

"त्याहून हळू तू कधी वाजवलं नव्हतंस," सर म्हणाले.

"नाही. मधेच सूर मेला. मी थांबले आणि सांगितलं की इथून पुढे माझ्याच्याने तो जगत नाही."

"असं सांगतात का परीक्षेत?" मामा म्हणाले.

"मग काय सांगायचं, पट्टा सैल आहे?"

आई हसली. सर आणि मामा एकमेकांकडे बघून एकाच वेळी हसले आणि मग दोघांनाही ते अवघड झालं.

निकाल टांगणीवर राहिला. मंडळाचे दोन रविवार रेकॉर्ड न लावता गेले. बाईंनी जुना पट्टा परत आणला नाही, पण त्याचा विषयही काढला नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याकडे सगळ्यात हिंमतवान पेशंट ते असतात, जे 'दुखतंय' म्हणून हात वर करतात. यातून कुणाला धीर यावा अशी त्यांची अपेक्षा होती.

फोन आला तो एका कामाच्या दिवशी. मामा एका शिंप्याचा नंबर काढत होते, त्याला सुईत दोरा दिसेनासा झाला होता. आत भाची बोटांना जाग आणत बसली होती. फोन तिनेच घेतला. मामांना मागच्या खोलीतून फक्त "हो" ऐकू आलं. मग परत "हो". मग बराच वेळ काही नाही. मग "किती वर्षं?" आणि परत "हो, चालेल". काच हातात धरून मामा तसेच उभे राहिले. शिंपी नाकावर जड फ्रेम घेऊन भिंतीवरच्या अक्षरांकडे इमानेइतबारे बघत राहिला.

भाची दारात आली. म्हणाली, घेतलंय. पांढऱ्या केसांच्या बाई स्वतः बोलल्या. म्हणाल्या, जे करायचंय ते तुला कळलंय, हाताला अजून कळलेलं नाही. पहिलं वर्षभर रचना एकही नाही, नुसते सूर आणि बोटं. आणि हळू वाजवायचंच असेल, तर त्याला किती वर्षं लागतील ते त्याही सांगू शकत नाहीत, त्यांची अजून चालू आहेत.

मामांनी मान हलवली. बोलले असते तर शिंप्यासमोर काहीतरी भलतंच झालं असतं. भाचीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, वरती ओरडून आईला सांगितलं, वरून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला, आणि ती परत आत गेली. थोड्या वेळाने पियानो सुरू झाला. रचना नव्हे. एक सूर, तो विरत जाईपर्यंत थांबणं, मग दुसरा.

मामांनी काच बसवली. शिंपी जरा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "किती हळू वाजवतात हो. रोज असंच का?"

"हो," मामा म्हणाले. "तिच्याकडे आता वेळ आहे. तुम्ही खालची ओळ वाचा."